पालक : उपलब्ध नाहीत

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा आठवीच्या वर्गात बावन्नपैकी तेहतीस मुले होती. आमच्या भागात हे दरवर्षीचे आहे. दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमांच्या गाड्या दारात लागतात, आगाऊ मजुरीची उचल घेतलेली जोडपी कोयते बांधतात आणि निम्म्या गावाला कुलपे लागतात. काही मुले आईबापांबरोबर फडावर जातात, काही मागे राहतात. या मागे राहिलेल्या मुलांचा एक तक्ता त्या आठवड्यात भरून द्यायचा होता. समुपदेशनाचा अभ्यासक्रम केलेली शाळेत मी एकटीच, म्हणून ते काम माझ्याकडे आले. प्रत्येक मुलाच्या नावापुढे रकाने होते : पालकांचे स्थलांतर, व्यसन, कर्ज, पालकांचे शिक्षण, घरातील भांडणे, दीर्घ आजार. लागू असेल तिथे खूण करायची आणि चार किंवा अधिक खुणा झाल्या, तर शेवटच्या चौकटीत लाल शाईने ‘अतिजोखीम’ असे लिहायचे.

तेरा वर्षांच्या एका मुलीचा तक्ता भरताना तिची आजी माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर टेकून बसली होती. अंगठा द्यायला म्हणून आजी चार किलोमीटर चालत आल्या होत्या. टाचांच्या भेगांत पांढरी धूळ बसली होती आणि मांडीवरच्या पिशवीत फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी होत्या, कारण नात सकाळी घाईत डबा विसरली होती. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. बाप पितो का? ‘पितो की. लपवायचं काय त्यात?’ आई किती शिकली? ‘दुसरी.’ उचल किती घेतली? आजींनी आकडा सांगितला आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. चौथी खूण झाली, पाचवी झाली. सर्वांत खाली एक ओळ होती : ‘घरातील जबाबदार पालक’. तिथे मी हात न थांबवता लिहिले, ‘उपलब्ध नाहीत’. मग कागद आजींकडे सरकवला आणि त्यांचा अंगठा पॅडवर दाबून त्या ओळीच्या शेजारी उठवून घेतला. अंगठ्याची शाई केसांना पुसत त्यांनी विचारले, ‘काय लिवलं, बाई?’

‘काही नाही, आजी,’ मी म्हणाले.

ते ‘काही नाही’ माझ्या मनातून जाईना. रात्री ओटा पुसताना, दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना, त्या मुलीच्या घट्ट वेण्या आणि एकसारख्या बांधलेल्या लाल फिती दिसल्या की ते पुन्हा वर यायचे. त्या वेण्या कोणीतरी रोज पहाटे घालत होते. भाकरी कोणीतरी थापत होते. ज्या व्यक्तीने हे सगळे केले, तिचा अंगठा मी तिच्याच नसण्याच्या नोंदीवर घेतला होता. चुकीचे वाटत होते एवढे खरे, पण का, ते शब्दांत येईना. मग चारच्या आकड्याने मला एका जुन्या वाचनाकडे नेले. समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात आम्हाला झेरॉक्स केलेल्या टिपणांचा एक गठ्ठा मिळाला होता आणि मी तो एसटीत, खिडकीशी बसून, पाने वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोपराखाली धरून वाचत असे. त्या गठ्ठ्यात एमी वर्नर होत्या, मुलांच्या वाढीचा जन्मभर अभ्यास केलेल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांच्याकडेही चारच खुणा होत्या. फरक असा की त्या खुणा करून थांबल्या नव्हत्या.

हवाई बेटांमधले काउआई हे एक छोटे बेट. तिथे 1955 साली जन्मलेली सगळी मुले अभ्यासात घ्यायची असे ठरले. हवाई तेव्हा अमेरिकेचे राज्यही झालेले नव्हते, ते झाले 1959 मध्ये. बाळ पोटात असल्यापासून नोंदी सुरू झाल्या. बालरोगतज्ज्ञ, घरोघर जाणाऱ्या परिचारिका आणि समाजसेवक कामाला लागले आणि 698 बाळांची यादी झाली. ही निवडक मुले नव्हती. सुखवस्तू घरातले आणि पत्र्याच्या खोलीतले, गुटगुटीत आणि अशक्त, जन्मले ते सगळेच यादीत आले. पहिल्या वर्षी त्यांना पाहिले, दुसऱ्या वर्षी पाहिले, मग दहाव्या, अठराव्या, बत्तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी. वर्नरबाईंबरोबर रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञ बाई होत्या आणि दोघींच्या नावांनी या मुलांवरची पुस्तके एकामागून एक येत राहिली. मुले बाळे होती, शाळकरी झाली, वयात आली, त्यांना मुले झाली, आणि बाई त्यांच्या मागे होत्याच.

वर्नरबाईंचा जन्म 1929 सालचा, जर्मनीतला. महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या आणि युरोपातले युद्ध संपले तेव्हा सोळावे चालू होते. म्हणजे ज्या वयाचा त्यांनी पुढे जन्मभर अभ्यास केला, ते त्यांचे स्वतःचे वय युद्धात गेले. नंतर त्या अमेरिकेत आल्या, नेब्रास्का विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि तेही नेमके 1955 सालीच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले. उतारवयात दुसऱ्या महायुद्धातल्या मुलांच्या डायऱ्या आणि पत्रे चाळून त्यांनी त्या मुलांवरही पुस्तक लिहिले. 2017 मध्ये त्या गेल्या. एखादा माणूस एकच प्रश्न आयुष्यभर का उराशी धरतो, हे त्याच्या जन्मतारखेवरून सांगता येत नाही, तसे सांगण्याचा मोह मी टाळते. पण युद्धात वयात आलेल्या मुलीने मोठेपणी ‘मूल कशाने मोडते’ यापेक्षा ‘मूल कशाने मोडत नाही’ हे विचारावे, याचे मला नवल वाटत नाही.

त्या टिपणांत मला पहिल्यांदा धरून ठेवले ते उसाने. काउआईवर उसाची आणि अननसाची मोठी लागवड होती. तिथल्या कोलोआ गावी 1835 साली उसाचा मळा सुरू झाला आणि पुढे जपान, फिलिपीन्स, पोर्तुगाल अशा दूरदूरच्या देशांतून मजूर आणले गेले. अभ्यासातली कितीतरी मुले अशा मजूर घरांतली होती, त्यांच्या शेजारी मूळ हवाईयन घरांतली. आमच्याशी त्यांची सरळ तुलना करणे बरोबर नाही. ती कुटुंबे मळ्याजवळ वस्ती करून राहिलेली, आमची मात्र सहा महिने पाचटाच्या खोपीत आणि सहा महिने गावात. तरीही, उसाच्या पात्याने चरे पडलेले आईचे हात, बापाचा पगार दारूत जाणे, दिवसभर फडात असलेल्या आईची वाट पाहणारे दारातले मूल, हे वाचताना मला ते बेट फार लांबचे वाटले नाही. खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर जात होते आणि त्यांच्या धुराबरोबर तोच आंबूस-गोड वास आत येत होता.

अभ्यासातला जवळजवळ एक तृतीयांश मुलांचा गट वर्नरबाईंनी जोखमीचा ठरवला. गरिबी, जन्माच्या वेळची गुंतागुंत, आईवडिलांची भांडणे किंवा ताटातूट, घरातली दारू, मानसिक आजार, आईचे अपुरे शिक्षण, अशा चार किंवा अधिक गोष्टी ज्यांच्या वाट्याला दोन वर्षांचे होण्याआधीच आल्या, ती ही मुले. त्यांतल्या दोन तृतीयांश मुलांचे पुढे व्हायचे तेच झाले. कोणी दहाव्या वर्षापर्यंत शिकण्यात किंवा वागण्यात मागे पडले, कोणी अठरापर्यंत पोलिसांच्या नोंदीत गेले, कोणी मनाने आजारी पडले, काही मुली शाळेच्या वयातच आई झाल्या. उरलेला एक तृतीयांश म्हणजे 72 मुले, 42 मुली आणि 30 मुलगे. ही मुले शिकली, कामाला लागली, माणसांत मिसळली. पुढे चाळिशीत त्यांना भेटले तेव्हा त्यांच्यातले एकही बेकार नव्हते, कोणी कायद्याच्या कचाट्यात नव्हते, कोणी सरकारी मदतीवर जगत नव्हते. तोवर अशा अभ्यासांचा रिवाज असा की बिघडलेले मूल समोर घ्यायचे आणि त्याच्या घरात मागे मागे जाऊन कारण शोधायचे. तसे मागे गेले की कारण सापडतेच. वर्नरबाई जन्मापासून पुढे चालत आल्या, म्हणून त्यांना ती 72 दिसली. मागे जाणाऱ्याला ती कधीच भेटली नसती, कारण ती कोणाच्या दवाखान्यात किंवा कोठडीत आलीच नव्हती.

आणि मग, या मुलांपाशी असे काय होते? काहींचा स्वभावच असा की तान्हेपणीच माणसे त्यांच्याकडे ओढली जात, पहिल्या वर्षीच आया त्यांना हसरी, लाघवी म्हणत. काहींना वाचनाची गोडी, काहींना एखादा छंद, घरात काहीही चालू असले तरी ज्यात डोके घालता येईल असा. एखादा लाडका शिक्षक, देवळाचा किंवा चर्चचा आधार. परंतु पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट एकच होती : लहानपणी त्या मुलाला किमान एका माणसाचा पक्का लळा लागलेला होता, आणि ते माणूस आईबापांपैकीच असावे असे मुळीच नव्हते. आजी, आजोबा, मावशी, थोरली बहीण, कोणीही. टिपणाच्या त्या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली होती. ती रेघ अजून तशीच आहे. रेघ मारूनही इतक्या वर्षांनी मी समोर बसलेल्या आजींना ‘उपलब्ध नाहीत’ लिहिले.

मुलांच्या अशा उभे राहण्याला पुस्तकांतून ‘लवचीकता’ असा शब्द रूढ झाला आहे. मला तो वेताच्या छडीसारखा वाटतो, वाकवावी तेवढी वाकणारी. आमच्याकडे पाऊस ओढ देतो तेव्हा शेतकरी पिकाबद्दल म्हणतात, ‘आणखी आठ दिवस तग धरील.’ दुखण्यातून उठलेल्या पोराबद्दलही ‘पोरगं तगलं’ असेच म्हणतात. तग धरण्यात पिकाचा चिवटपणा असतोच, पण जमिनीतली उरलेली ओलही असते. ओल सरली की चिवटातले चिवट पीकही वाळते. वर्नरबाईंनी चाळीस वर्षे मोजली ती मला ही ओल वाटते.

मात्र त्यांच्या काही निष्कर्षांपाशी माझे मन अडते. तगलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांवर लहान वयातच घराची काही जबाबदारी होती, धाकट्या भावंडांना सांभाळणे, स्वयंपाकाला हातभार लावणे, आणि आपल्यावाचून कोणाचे तरी अडते ही जाणीव त्यांना उभे करत होती, असे त्यांना दिसले. ते खरे असेल. पण कडेवर भाऊ घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिलेली मुलगी मी दर हंगामात पाहते. ‘बाई, ह्याला मागं बसवू का?’ असे ती विचारते, दोन-तीन आठवडे येते आणि मग यायची बंद होते. किती भार माणसाला उभे करतो आणि कितव्या भाराला कणा मोडतो, हे मला आजही सांगता येत नाही. तगलेल्या मुलांची घरे फार मोठी नव्हती, घरात चार किंवा त्याहून कमी मुले आणि पाठच्या भावंडात निदान दोन वर्षांचे अंतर, हेही त्यांनीच नोंदवले आहे. म्हणजे मांडी काही काळ तरी त्या एकाच मुलाची होती. आमच्या वस्तीवर मांडी इतका वेळ कोणाच्या वाट्याला येते?

दुसरी भीती मोठी आहे. 72 मुलांची गोष्ट सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला बरे वाटते, आणि ज्यांच्या हाती काही करण्याची सत्ता आहे त्यांना तर फारच बरे वाटते. ‘पाहा, काहीही न देता मुले उभी राहतात’ असा तिचा अर्थ काढायला वेळ लागत नाही. हंगामी वसतिगृह उशिरा सुरू झाले, कारखान्यावरच्या साखरशाळेत शिक्षक आलाच नाही, तरी मुलांच्या अंगी चिवटपणा असतोच, असे मी भाषणांत ऐकले आहे आणि ऐकताना माझे हात थरथरले आहेत. त्या बेटावरच्या जोखमीच्या मुलांपैकी दोन तृतीयांश अठराव्या वर्षापर्यंत अडचणीत आली होती, हेही त्याच पुस्तकांत आहे. वर्नरबाईंच्या 1982 सालच्या पुस्तकाच्या नावात या मुलांना ‘अजिंक्य’ म्हटले होते. 1992 सालच्या पुस्तकाच्या नावात तो शब्द नाही, तिथे संकटांवर मात करण्याची भाषा आहे. मला हा बदल महत्त्वाचा वाटतो. अजिंक्य मुलासाठी कोणी काही करायचे उरत नाही.

या अभ्यासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो अठरा ते बत्तीस या वयांमधला काळ. अठराव्या वर्षी ज्यांच्या नावापुढे काही ना काही बिघडल्याची नोंद होती, त्यांतले बहुतेक जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले होते. कोणी पुन्हा शिकले, कोणी सैन्यात गेले, कोणाला समजूतदार जोडीदार मिळाला, कोणी श्रद्धेच्या आधाराने उठले, कोणी मरणाच्या दारातून परतल्यावर बदलले. शाळेच्या वयात आई झालेल्या मुलींपैकीही बहुतेक जणी मार्गाला लागल्या होत्या. आणि मदत कोणाची झाली असे विचारल्यावर त्यांनी आमच्यासारख्या समुपदेशकांपेक्षा नवरा-बायको, मित्र, नातेवाईक, शिक्षक यांचीच नावे अधिक घेतली. हे वाचले तेव्हा मला किंचित दुखले होते. त्या दुखण्याचा अर्थ कळला तो बऱ्याच वर्षांनंतर.

आमच्या शाळेत एक मुलगा होता. दहावीत दोनदा नापास, वर्गातून पंखा चोरल्याचा आळ, आणि तो आळ खरा होता. मी त्याच्याशी पुष्कळ बोलले होते, दर शनिवारी, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत. शेवटी मनातून त्याला सोडून दिले. बाहेर बोलले नाही, पण आत एक फाईल बंद होते ती मला ऐकू आली होती. पंधरा-सोळा वर्षांनी तालुक्याच्या रस्त्यावर गाडी पंक्चर झाली आणि चाक काढायला जो गडी बसला तो हा. स्वतःचे दुकान, मागे विटांची खोली, दारात लहान मुलीची सायकल. त्याने मला ओळखले नाही. मी ओळख दिली, शाळेचे नाव सांगितले, शनिवारची आठवण करून दिली. तो कसनुसा हसला. मग चेहरा उजळून म्हणाला, ‘आमचे शिपाईमामा हायेत का अजून?’ शिपाईमामा त्याला मधल्या सुट्टीची घंटा वाजवू देत असत. रोज. त्याच्या शब्दांत, ‘घड्याळाकडं बघायचं माझं काम होतं.’ ट्यूब पाण्यात बुडवून तो बुडबुडे शोधत होता आणि मी त्याच्या ओल्या मनगटावरच्या मोठ्या घड्याळाकडे पाहत होते. मला आनंद झाला होता आणि मत्सरही वाटत होता, दोन्ही एकाच वेळी, आणि मत्सर शिपाईमामांचा होता हे मला स्वतःशी कबूल करायला घर येईपर्यंत वेळ लागला. मामा तोपर्यंत वारले होते. ते मी त्याला सांगितले तेव्हा त्याने पंक्चरचे पैसे घेतले नाहीत.

आमच्या शाळेच्या नोंदवहीत त्या मुलाचा शेवटचा शेरा ‘शाळा सोडली’ असा आहे. आमचे पाहणे तिथे संपते. सोळाव्या वर्षी दाखला हाती दिला की आम्ही त्या मुलाच्या आयुष्याविषयी जे मत केले तेच आमच्यापुरते कायम राहते. वर्नरबाई अठराव्या वर्षी थांबल्या असत्या, तर त्यांच्याही कागदांत ती मुले वाया गेलेलीच राहिली असती. त्या थांबल्या नाहीत. चाळिसाव्या वर्षाची फेरी जवळ आली आणि सप्टेंबर 1992 मध्ये इनिकी नावाच्या चक्रीवादळाने काउआई उद्ध्वस्त केले, घरांची छपरे उडाली, माणसे पांगली. तरी तिशी उलटलेल्या त्या ‘मुलां’ना शोधून चाळिशीत पुन्हा भेटले गेले. 2001 साली ती शेवटची गोष्ट पुस्तकात आली तेव्हा बाई सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. मुलांना इतकी वर्षे देणारे असे किती जण असतात! आपल्याकडे वात्सल्याची स्तुती पुष्कळ झाली आहे, पण वर्षानुवर्षे त्याच दारात परत जाऊन ‘आता कसे आहे?’ असे विचारणे हेही वात्सल्यच आहे, असे मला वाटते.

मार्चच्या एका रविवारी मी त्या मुलीच्या घरी गेले. तक्त्याची मूळ प्रत केव्हाच वर गेली होती. स्थळप्रत शाळेत होती, ती मी पिशवीत घातली होती. पत्र्याच्या घरात उन्हाची तिरीप चुलीपर्यंत आली होती, आजी भाकरी थापत होत्या आणि मुलगी शेजारी बसून भूगोलाचा नकाशा रंगवत होती. आईबाप पाडव्यानंतर येतील असे त्या म्हणाल्या. मी चहा घेतला. मग त्या दिवशी मी काय लिहिले होते ते त्यांना सांगितले. सांगताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. आजींनी तव्यावरची भाकरी उलटली. ‘मंग आता लिवा की,’ त्या म्हणाल्या.

मी कागद गुडघ्यावर ठेवला. वरच्या लाल अक्षरांवर मुलीची नजर जाऊ नये म्हणून डाव्या हाताचा तळवा त्यांच्यावर धरला आणि ‘उपलब्ध नाहीत’ खोडून समासात आजींचे नाव, नाते आणि ‘सतत सोबत’ एवढे लिहिले. मुलीने ते मोठ्याने वाचले आणि आजींच्या नावातली वेलांटी पहिली की दुसरी यावर माझी चूक दुरुस्त केली. शाईचे पॅड मी आणले नव्हते. आजी म्हणाल्या, थांबा. त्यांनी फडक्याने तवा उतरवला, कडेच्या खालच्या काजळीवर अंगठा घासला, आणि अंगठा कुठे उठवायचा ते नातीला विचारले.